दवाखान्यातले फॅक्स यंत्र: एका जोडणीचा प्रकरण अभ्यास

फॅक्स यंत्राला बहुतेक जण प्रिंटरचा भाऊ समजतात आणि प्रिंटरसारखेच बसवतात: टेबलावर ठेवले, पिन खोचली, झाले. पण प्रिंटरला इमारतीबाहेरून एकच तार येते, विजेची. फॅक्सला दोन येतात, विजेची आणि फोनची. या दोन तारा वेगवेगळ्या वाटांनी घरात शिरतात आणि त्यांची पहिली गाठ पडते ती यंत्राच्या पोटात. पुढच्या प्रकरणातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच एका गोष्टीचा विसर पडण्यात आहे. प्रकरण प्रातिनिधिक आहे: लहान कार्यालयांत आणि घरांत वेगवेगळे भेटणारे दोष येथे एका छताखाली घेतले आहेत.

परिस्थिती

दोन डॉक्टरांचा दवाखाना, स्वागतकक्षात एक कर्मचारी, आत छोटी प्रयोगशाळा. फोनची लाइन एकच. तिच्यावरच बोलण्याचा फोन, आन्सरिंग मशीन, डीएसएल इंटरनेट आणि फॅक्स. तपासण्यांचे अहवाल बाहेरच्या रुग्णालयांशी फॅक्सने येत-जात होते. जुने यंत्र शाईच्या फिल्म-रोलवर चालणारे होते. एका वादळी रात्रीनंतर ते मुके झाले: दिवे लागत, कागद सरके, कॉपी निघे, पण डायल टोन नाही. त्याच्या जागी प्रिंटर, स्कॅनर आणि फॅक्स एकत्र असलेले लेझर यंत्र आले. पहिल्या दहा दिवसांत तक्रारी जमल्या त्या अशा:

येणाऱ्या फॅक्सपैकी निम्मे अर्धवट राहतात. जाणारे फॅक्स कधी तिसऱ्या, कधी पाचव्या पानावर तुटतात. छपाई सुरू झाली की यूपीएस ओरडतो आणि दोनदा तर तो बंद पडून इंटरनेटही गेले. यंत्रामागच्या धातूच्या पट्टीला हात लागला की झिणझिणी येते. आणि एका रुग्णाचा अहवाल भलत्याच नंबरावर गेला.

यंत्र सदोष आहे, बदलून आणा, असा सगळ्यांचा कल होता. यंत्र मात्र अगदी ठणठणीत होते.

आधी झिणझिणी

तक्रारी किती त्रासदायक आहेत यावर क्रम ठरवायचा नसतो. जीवाला धोका असलेली आधी घ्यायची. फॅक्स तुटला तर पुन्हा पाठवता येतो. झिणझिणीकडे काणाडोळा करता येत नाही.

अशा यंत्रांच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या सांगाड्याकडे जोडलेले. सांगाडा अर्थिंगला नीट जोडलेला असेल तर त्यांतून गळणारा किरकोळ प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर सांगाडा पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि हात लावणारा माणूसच त्याची वाट बनतो. प्रवाह सहसा मिलिअँपिअरहून कमी असतो, म्हणून धक्का न बसता झिणझिणी येते. पण उद्या यंत्रात खरा दोष झाला, तर एमसीबी पाडायला अर्थिंगची वाट उरलेलीच नसेल.

सॉकेट तीन छिद्रांचे होते. तिसऱ्या छिद्रामागे काही जोडलेले आहे का, हे कुणी पाहिले नव्हते. तपासणी मल्टिमीटरने होते. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन मापे जवळपास सारखी यायला हवीत आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्ट-दोन व्होल्टच्या आत. येथे फेज-अर्थचा आकडा एका जागी ठरेना, निम्म्याच्या आसपास हेलकावे खाई. ही तुटलेल्या अर्थिंगची ठळक खूण. चालू सॉकेटमध्ये प्रोब घालणे ज्याला सवयीचे नाही त्याने हे माप घेऊ नये. वायरमनचे ते पाच मिनिटांचे काम आहे. पेटी उघडल्यावर अर्थची तार स्क्रूतून निसटलेली सापडली. ती कसल्यावर झिणझिणी गेली.

तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांचे अडॅप्टर लावून यंत्र चालू करण्याची युक्ती अनेक ठिकाणी दिसते. यंत्र चालते, हे खरे. पुढच्या वादळापर्यंत.

जुने यंत्र नेमके कशाने गेले

जुन्या यंत्राला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारेवरून अचानक येणारी व्होल्टेजची लाट अडवणारे साधन, होता. त्याचा हिरवा दिवा वादळानंतरही लागलेला होता, म्हणून ‘वीज पडून गेले’ हे कुणाला पटेना. पण प्रोटेक्टर फक्त विजेच्या बाजूला होता. फोनची तार भिंतीतून थेट यंत्रात. लाट आली ती फोनच्या तारेवरून. तिला जमिनीकडे जायला जवळची वाट कोणती? यंत्राच्या लाइन बोर्डातून (फोनची तार जिथे जोडली जाते ते सर्किट), वीजपुरवठ्यातून, प्रोटेक्टरच्या अर्थकडे. म्हणजे एकाच बाजूला लावलेल्या प्रोटेक्टरने दुसरी बाजू झाकली नाहीच, उलट विजेच्या बाजूची पातळी खाली धरून ठेवल्यामुळे सगळा फरक यंत्राच्या आतच पडला. कॉपी निघते पण डायल टोन नाही, ही लाइन बोर्ड जळाल्याची नेहमीची खूण आहे.

म्हणून नव्या जोडणीत वीज आणि फोन दोन्हींसाठी सॉकेट असलेला एकच प्रोटेक्टर घेतला. दोन वेगळे प्रोटेक्टर दोन भिंतींवर लावून हे काम होत नाही. दोन्ही तारांची पातळी एकाच ठिकाणी, एकाच अर्थला बांधली गेली पाहिजे, तरच लाट आल्यावर दोन्ही एकत्र वर-खाली होतात आणि यंत्राला फरक जाणवत नाही. डीएसएल मॉडेमही त्याच पट्टीवर आणला, कारण तोही दोन तारांच्या मध्ये बसतो. डीएसएल जाणार असेल तर प्रोटेक्टरवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. साध्या फोनसाठीचे काही प्रोटेक्टर इंटरनेटचा वेग खातात.

इमारतीत फोनची तार शिरते तिथली संरक्षक पेटीही पाहिली. तिची अर्थ-तार वेगळ्या छोट्या सळईला गेलेली होती आणि विजेच्या मुख्य अर्थशी तिचा संबंध नव्हता. दोन अर्थ वेगळे असले की जवळपास वीज पडल्यावर दोन्हींत हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो. ही पेटी सहसा फोन कंपनीच्या ताब्यात असते. म्हणून परस्पर हात न लावता कंपनीकडे तक्रार नोंदवून, वायरमनसमोर दोन्ही अर्थ जोडून घेतले.

एवढे करूनही जवळ पडलेल्या विजेपुढे कोणताही प्रोटेक्टर खात्री देत नाही. वादळाचा अंदाज असेल त्या संध्याकाळी घरी जाताना दोन्ही तारा काढून ठेवायच्या. दोन्ही. नुसती विजेची पिन काढून फोनची तार तशीच ठेवणे म्हणजे पुन्हा जुन्या यंत्राची गत. पण कडकडाट डोक्यावर आला असेल तर तारांना हातच लावायचा नाही. ती वेळ निघून गेलेली असते. आणखी एक: बऱ्याच यंत्रांत मेमरीतले न छापलेले फॅक्स वीज गेल्यावर पुसले जातात किंवा थोडा वेळच टिकतात. पिन काढण्याआधी मेमरी रिकामी झाली आहे, हे पडद्यावर पाहून घ्यावे.

यूपीएस का ओरडत होता

लेझर यंत्रात टोनर कागदावर वितळवणारा फ्यूजर असतो आणि तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. तापताना यंत्र काही क्षण ९०० ते १००० वॅट ओढते: २३० व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर, १२० व्होल्टवर सुमारे ८. दवाखान्यातला यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे वॅटमध्ये जेमतेम ३६०. तो ओरडला नसता तरच नवल. लेझर यंत्र यूपीएसवर लावायचेच नाही. ते प्रोटेक्टरमार्गे भिंतीच्या सॉकेटवर, आणि त्या सॉकेटवर हीटर किंवा ऑटोक्लेव्हसारखे दुसरे तापणारे उपकरण नको. यूपीएसवर फक्त मॉडेम राहिला. इंकजेट फॅक्स काही दहा वॅटांत भागवतो; तो यूपीएसवर चालतो.

तरीही मॉडेम प्रोटेक्टरच्या छायेत राहायला हवा, म्हणून प्रोटेक्टर भिंतीला, त्यावर यूपीएस आणि यूपीएसवर मॉडेम, असा क्रम ठेवला. उलटा क्रम, म्हणजे यूपीएसच्या पुढे प्रोटेक्टर, बहुतेक उत्पादक नको म्हणतात.

जागाही बदलली. यंत्र हात धुण्याच्या बेसिनशेजारी, प्रतीक्षा करणाऱ्या लोकांच्या हाताशी होते. ते आतल्या खोलीत, पक्क्या सपाट टेबलावर आले. मागे-बाजूंना १० सेंटिमीटर मोकळी जागा, गरम हवा सुटण्याची झडप भिंतीला चिकटलेली नाही, एसीचा झोत थेट अंगावर नाही. दमट कागद फ्यूजरमध्ये गुंडाळतो आणि अडकतो, म्हणून कागदाचे उघडे रीम ट्रेजवळ न ठेवता बंद कपाटात.

फोनची तार

येथे खरा गुंता होता. उघड्या टोकांना हात लावण्यापूर्वी एक माहिती हवी. फोनची लाइन शांत असताना तिच्यावर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि त्याचे सहसा काही वाटत नाही. पण रिंग येते तेव्हा त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो आणि तो चांगलाच झटका देतो. काम करताना नेमका तेव्हाच फोन येतो. भिंतीकडची जोडणी आधी काढायची, मग तारेचे काम.

दवाखान्यात लाइन अशी फिरली होती: भिंतीच्या सॉकेटवर दोन तोंडांचा साधा जोड. एका तोंडातून डीएसएल फिल्टरमार्गे (इंटरनेटचे सिग्नल अडवणारी छोटी डबी) फोन, दुसऱ्यातून १२ मीटर लांब चपट्या तारेने, गालिच्याखालून, विजेच्या वायरला समांतर, थेट फॅक्सकडे. फिल्टर फक्त फोनला होता. डीएसएलचे सिग्नल साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर चालतात, त्यामुळे कानाला ऐकू येत नाहीत. पण फॅक्सच्या मॉडेमच्या संवेदनशील सर्किटमध्ये ते शिरले की त्याचा गोंगाट होतो. शिवाय फॅक्स स्वतः लाइन उचलताना आणि ठेवताना डीएसएलला झटके देतो. दिवसातून चार-पाच वेळा इंटरनेट जाणे आणि फॅक्स येणे यांच्या वेळा जुळतात, हे नोंदवहीत पाहिल्यावरच लक्षात आले.

चपटी तार हा दुसरा गुन्हेगार. तिच्यातल्या तारा पिळलेल्या नसतात, त्यामुळे शेजारच्या विजेच्या वायरची घरघर ती उचलते. शिवाय गालिच्याखाली पायांनी चिरडली जाते. यंत्राच्या पुस्तिकेत फोनच्या तारेची किमान जाडी २६ एडब्ल्यूजी, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर व्यासाचा तांब्याचा गाभा, अशी अट दिसते ती सिग्नलसाठी नसून आगीसाठी आहे: कुठे विजेची तार फोनच्या तारेला चिकटलीच तर बारीक तार तापून पेटू नये म्हणून.

नवी मांडणी: जिथे लाइन आत शिरते तिथून पिळलेल्या जोड्यांची केबल भिंतीवरून, विजेच्या पट्टीपासून दूर नेऊन आतल्या खोलीत नवे सॉकेट. सॉकेटपासून प्रोटेक्टर. प्रोटेक्टरनंतर एकच डीएसएल स्प्लिटर. त्याच्या इंटरनेटच्या तोंडाला मॉडेम, फोनच्या तोंडाला फॅक्सचे ‘लाइन’ असे लिहिलेले सॉकेट. फॅक्सच्या ‘एक्स्ट’ किंवा ‘टेल’ लिहिलेल्या सॉकेटमधून आन्सरिंग मशीन आणि आन्सरिंग मशीनमधून फोन. यापुढे कुठेही आणखी फिल्टर नाही. दोन फिल्टर एकामागे एक आले की आवाज दबतो आणि फॅक्सचा वेग उतरतो.

‘लाइन’ आणि ‘एक्स्ट’ यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त भेटणारी चूक आहे. दोन्ही सॉकेट दिसायला सारखे, दोन्हींत तार बसते. काही यंत्रांवर उलट्या जोडणीतही डायल टोन येतो, म्हणून शंका येत नाही. मग फॅक्स कधी जातो, कधी जात नाही.

फॅक्स ओळीत पहिला ठेवण्याला कारण आहे. स्वागतकक्षातला फोन पूर्वी वेगळ्या सॉकेटवर, म्हणजे फॅक्सच्या समांतर होता. फॅक्स येत असताना कुणी रिसीव्हर उचलला, ‘हॅलो’ म्हटले, चिरचिर ऐकून ठेवून दिला, की तेवढ्यात पान तुटलेले असे. लाइनवरचा प्रवाह दोघांत वाटला जातो आणि सिग्नलची पातळी कोसळते. फोन ‘एक्स्ट’वर असेल तर फॅक्स चालू असताना यंत्र त्याला लाइनपासून तोडून ठेवते. येणाऱ्या निम्म्या फॅक्सच्या तक्रारीत या एका बदलाचा वाटा सर्वांत मोठा होता. स्वागतकक्षापर्यंत तार ओढायची नसल्याने आन्सरिंग मशीनच्या पुढे कॉर्डलेस फोनचा तळ बसवला आणि हँडसेट बाहेर ठेवला.

जिथे कार्यालयाची स्वतःची डिजिटल एक्स्चेंज असते तिथे एक सावधगिरी जास्त. डिजिटल एक्स्टेन्शनचे सॉकेट फॅक्सच्या तारेला बसते, पण त्यातला पुरवठा वेगळा असतो आणि लाइन बोर्डाला इजा होऊ शकते. फॅक्ससाठी अ‍ॅनालॉग पोर्टच मागून घ्यावे.

रिंग, टोन आणि सेकंदांचा हिशेब

तारा सरळ झाल्या तरी आन्सरिंग मशीनशी फॅक्सचे जमत नव्हते. पाठवणारे फॅक्स यंत्र नंबर लावल्यावर ११०० हर्ट्झचा सूर देत राहते: अर्धा सेकंद सूर, तीन सेकंद शांतता. घेणारे यंत्र २१०० हर्ट्झच्या लांब सुराने उत्तर देते. मग दोघे ३०० बिट प्रतिसेकंद अशा संथ गतीने आपापल्या कुवती सांगतात आणि त्यानंतर वेगवान पाने सुरू होतात. फॅक्सच्या टी.३० या मानकात या ओळखीसाठी वेळ आहे ३५ सेकंद, पाच इकडेतिकडे.

दवाखान्यात आन्सरिंग मशीन चौथ्या रिंगला उचले. अनेक नेटवर्कवर रिंगचे एक चक्र ६ सेकंदांचे असते, म्हणजे २४ सेकंद तिथेच गेले. पुढे २८ सेकंदांचा निरोप, मागे संगीत. फॅक्स यंत्र त्या काळात लाइनवर कान लावून असते, पण संगीताच्या आवाजात ११०० हर्ट्झचा सूर त्याला ओळखता येत नाही. निरोप संपेपर्यंत ५२ सेकंद होतात, तोवर समोरचे यंत्र कंटाळून गेलेले असते.

आन्सरिंग मशीन दोन रिंगांवर आणले. निरोप १२ सेकंदांचा, संगीत नाही आणि सुरुवातीला ५ सेकंद शांतता. शांततेचा आकडा उगाच नाही: सुराचे एक चक्र साडेतीन सेकंदांचे, त्यामुळे पाच सेकंदांत तो एकदा तरी पूर्ण ऐकू येतोच. फॅक्स यंत्र ‘बाह्य आन्सरिंग मशीन’ या मोडवर ठेवून त्याची स्वतःची रिंगसंख्या आन्सरिंग मशीनपेक्षा जास्त ठेवली. फॅक्ससाठी स्वतंत्र लाइन असेल तर हा खटाटोप नाही. ‘फक्त फॅक्स’ मोड आणि एक रिंग पुरते.

हाताने नंबर फिरवून पाठवणारी काही जुनी यंत्रे हा सूर देतच नाहीत. तेव्हा माणसाने फोन उचलून फॅक्स यंत्राला हुकूम द्यावा लागतो. त्यासाठीचा रिमोट रिसीव्ह कोड मॉडेलनुसार बदलतो. तो पुस्तिकेतून शोधून हँडसेटवर चिकटवला.

जाणारे फॅक्स मध्येच तुटण्याचे कारण वेगळेच निघाले: कॉल वेटिंग. दुसरा फोन आला की लाइनवर ‘टूं’ वाजते. माणसाला ती सूचना असते, मॉडेमला मात्र तो आघात. एका पानाच्या फॅक्सला हे क्वचित भेटे, लांब फॅक्सला हमखास, कारण लाइन जास्त वेळ व्यग्र. कंपनीला सांगून सेवा बंद केली.

चाचणी कशी घेतली

आधी फॅक्स बाजूला ठेवून साधा फोन सॉकेटला लावला, एक अंक दाबला आणि शांततेत ऐकले. करकर, घरघर किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले तर दोष लाइनमध्ये आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही. ती स्वच्छ होती. मग ओळखीच्या एका कार्यालयाबरोबर दोन्ही दिशांनी पाठवापाठवी: आधी एक मजकुराचे पान, मग बारीक अक्षरांची पाच पाने ‘फाइन’वर, शेवटी छायाचित्र असलेले एक पान. दर वेळी यंत्राची नोंद छापून वेग आणि निकाल पाहिला. १४४०० बिट प्रतिसेकंदाचे यंत्र दर वेळी ९६०० किंवा ४८०० वर उतरत असेल तर फॅक्स जात असला तरी लाइन आजारी आहे.

रेझोल्यूशनबाबत दवाखान्याने एक नियम केला आणि तो योग्य आहे. ‘स्टँडर्ड’मध्ये उभ्या दिशेने मिलिमीटरला ३.८५ ओळी असतात, म्हणजे एक ओळ ०.२६ मिलिमीटर. छापील अहवालातले दशांश चिन्ह साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटरचे, ते एक-दोन ओळींत संपते. एक ओळ खराब झाली की १.५ चे १५ वाचले जाऊ शकतात. ‘फाइन’मध्ये मिलिमीटरला ७.७ ओळी. अहवाल नेहमी ‘फाइन’वर, वेळ दुप्पट लागला तरी.

चुकीच्या नंबरावर गेलेला अहवाल

स्पीड डायलमध्ये दोन अंकांची अदलाबदल झाली होती, एवढेच. पण ती चूक एकदा साठवली की रोज त्याच सफाईने घडते. सर्व साठवलेले नंबर पुसून नव्याने भरले. यंत्रात ‘नंबर दोनदा टाका’ अशी सोय होती, ती चालू केली. प्रत्येक नंबरावर आधी रुग्णाची माहिती नसलेले साधे पान पाठवून समोरच्याकडून फोनवर खातरजमा केली. शेवटचा नंबर पुन्हा लावणारे बटण बंद करता येत असेल तर करावे. घाईत त्यावर बोट पडते.

फॅक्स जोडला गेला की घेणारे यंत्र आपली ओळख पाठवते आणि ती पाठवणीच्या नोंदीत उमटते. लावलेला नंबर आणि ही ओळख जुळते का, हे पाहण्याची सवय लावली. ती ओळख समोरच्याने स्वतः भरलेली असते, म्हणून तिला पुरावा मानता येत नाही. पण न जुळणे ही थांबून फोन करण्याची सूचना नक्कीच आहे. आपल्या यंत्रातही नाव, नंबर आणि घड्याळ अचूक भरायचे. वीज गेल्यावर काही यंत्रांचे घड्याळ मागे जाते आणि अहवालावर चुकीची तारीख छापली जाते.

रात्री येणारे फॅक्स ट्रेमध्ये सकाळपर्यंत उघडे पडत. दवाखाना बंद झाल्यावर ‘मेमरी लॉक’ चालू होईल आणि सकाळी पिन टाकल्यावरच कागद निघतील, अशी वेळ लावली. पाठवणीच्या पावतीवर पहिल्या पानाचे छोटे चित्र छापण्याची सोयही बंद केली. पावत्या कचऱ्यात जातात आणि त्यांच्यासोबत रुग्णाचे नावही.

जुने यंत्र मोडीत द्यायचे होते, आणि येथे बहुतेक जण फसतात. फिल्म-रोलवरची शाई जिथून कागदावर गेली तिथे फिल्मवर अक्षरांच्या आकाराची पारदर्शक जागा उरते. म्हणजे वापरलेला रोल उलगडला की आलेले प्रत्येक पान ओळीने वाचता येते. रोल काढून बारीक कापून नष्ट केला. लाइन बोर्ड जळाला असला तरी कळफलक चालत होता, त्यामुळे नोंदी आणि नंबरही पुसता आले.

नेटवर्कची मागची खिडकी

नवे यंत्र दवाखान्याच्या नेटवर्कलाही जोडलेले होते. ‘फोनच्या तारेतून कोण काय करणार?’ हा प्रश्न साहजिक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्याचे उत्तर जाहीर केले: एचपीच्या ऑल-इन-वन यंत्राचा फक्त फॅक्स नंबर ठाऊक असताना, मुद्दाम बिघडवलेले रंगीत चित्र फॅक्सने पाठवून त्यांनी यंत्राचा ताबा घेतला आणि तिथून जोडलेल्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवले. एचपीने त्यावर दुरुस्ती दिली. दोष एका कंपनीच्या यंत्रांत दाखवला गेला, पण रचना सगळीकडे तीच: एका बाजूला कुणालाही लावता येणारा नंबर, दुसऱ्या बाजूला कार्यालयाचे संगणक.

म्हणून फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) अद्ययावत केले, कारखान्यातून आलेला प्रशासक पासवर्ड बदलला आणि यंत्र रुग्णांच्या नोंदी असलेल्या संगणकांपासून वेगळ्या नेटवर्कवर टाकले. आलेले फॅक्स आपोआप ईमेलवर पाठवण्याची सोय बंद ठेवली. ज्यांना छपाई नेटवर्कवरून नको आहे त्यांनी ती तार लावूच नये. सर्वांत स्वस्त संरक्षण तेच.

लाइन इंटरनेटवर गेल्यावर

काही महिन्यांनी फोन कंपनीने तांब्याची तार काढून सेवा इंटरनेटवर नेली. आता फॅक्स एका अडॅप्टरला जोडायचा. बोलण्यासाठी चालणाऱ्या सेटिंग फॅक्सला मारक ठरतात. जी.७२९ सारखे आवाज दाबणारे (डेटा कमी करण्यासाठी आकुंचित करणारे) कोडेक मॉडेमचे सूर ओळखण्यापलीकडे बदलतात. म्हणून टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याचे मानक) असेल तर ते, नसेल तर आवाज न दाबणारा जी.७११ कोडेक, शांतता गाळण्याची सोय बंद, जिटर बफर (पुढे-मागे येणारी पॅकेट सावरणारा साठा) स्थिर. ३३६०० चा वेगही बंद करून कमाल १४४०० ठेवला. २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट हरवले की १४४०० वर २८८ बिट जातात.

अशा लाइनवर ‘ईसीएम बंद करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. ईसीएम म्हणजे चुकलेले तुकडे पुन्हा मागवण्याची सोय; एक तुकडा २५६ बाइटचा. ती बंद केली की फॅक्स सहसा तुटत नाही, कारण चुकलेले तुकडे कुणी पुन्हा मागवतच नाही. पानावर पांढऱ्या किंवा पुनरावृत्त ओळी येतात. पत्रव्यवहाराला हे चालेल. ज्या कागदावर औषधाची मात्रा आहे तिथे न पोचलेला फॅक्स चुकीच्या फॅक्सपेक्षा बरा. दवाखान्याने ईसीएम चालू ठेवले आणि वेग उतरवला, हा निर्णय आम्हाला रास्त वाटतो.

अडॅप्टर, मॉडेम आणि राउटर तिन्ही यूपीएसवर आले. वीज गेली की तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन पूर्वी चालू राही. आता यूपीएस संपला की फोनही संपतो. आणीबाणीचा नंबर लावायला चार्ज केलेला मोबाइल हाताशी ठेवायचा, असे ठरले. अडॅप्टरचे सॉकेट भिंतीतल्या जुन्या तारांना जोडण्याआधी त्या तारा बाहेरच्या लाइनपासून तोडलेल्या आहेत याची खात्री केली, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांवर येतात.

सगळे बसल्यावरही एका रुग्णालयाच्या नंबरावर दर तिसरा फॅक्स अडखळे. बाकी सर्वांना सुरळीत. त्यांच्याकडचे यंत्र आपल्याला बदलता येत नाही, म्हणून स्पीड डायलमध्ये फक्त त्या नंबरापुढे वेग ९६०० आणि ‘परदेशी’ मोड लावला. हा मोड सुरुवातीच्या ओळखीतला प्रतिध्वनी सोसतो. बाकीचे नंबर १४४०० वर तसेच ठेवले.